पंपिंग किती, हे कळल्यावर

हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: ‘डॉक्टर, पंपिंग कमी झालंय.’ कुणी तीस सांगतं, कुणी पंचवीस. आकड्याची धास्ती इतकी, की दम कधीपासून लागतो, रात्री किती उशा घ्याव्या लागतात, पायाला सूज आधी आली की धाप, हे विचारायला मला जरा थांबावं लागतं. या आजाराकडे बघण्याची आम्हा डॉक्टरांची नजर माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेली. त्यातलं जे मला आतून हलवून गेलं, ते इथे मांडते. क्रम मनात आला तसा आहे.

१. पंपिंगचा आकडा दुखणं किती ते सांगतो, कोणतं ते सांगत नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात जेवढं बाहेर फेकलं जातं, त्याची टक्केवारी म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. धडधाकट माणसातही ती शंभर नसते, साधारण ५५ ते ७० असते. एवढं सांगितलं तरी काहींच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरतो, कारण त्यांनी तीसचा हिशेब शंभरातून मांडलेला असतो. ४० पर्यंत एक गट, ४१ ते ४९ मधला, ५० आणि त्यावर तिसरा, अशी आमची वाटणी. पण ही चाळीसची रेघ निसर्गानं आखलेली नाही. औषधांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये कुणाला घ्यायचं हे ठरवताना ती माणसांनी आखली, आणि मग तिच्याच दोन बाजूंना दोन आजार आहेत असं आम्ही मानू लागलो. विहिरीतलं पाणी खाली गेलेलं दिसतं, पण झरा आटला, उपसा वाढला की बांध फुटला, हे नुसत्या पातळीवरून कळत नाही. टू-डी इकोचा रिपोर्ट हातात घेतल्यावर माझी नजर अजूनही आधी त्या आकड्यावरच जाते. पण आता ती तिथे थांबत नाही. भिंती जाड आहेत की पातळ, झडपा कशा आहेत, डावा वरचा कप्पा किती मोठा झालाय, हे वाचल्याशिवाय फाइल मिटवत नाही.

२. हृदयाला जोर देणारं औषध माणसाला मारू शकतं, हे पचायला आमच्या शास्त्राला फार जड गेलं. तर्क किती सरळ होता: पंप अशक्त आहे, तर त्याला चाबूक मारा. मिलरिनोन नावाचं औषध आकुंचनाची ताकद वाढवतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस चाचणीत त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघालं. त्याच्या कितीतरी आधी, १९७५ मध्ये, स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी उलटा प्रयोग केला होता. त्यांनी सात पेशंटना बीटा-ब्लॉकर दिलं, म्हणजे ठोके मंदावणारं, हृदयाचा जोर उतरवणारं औषध. पेशंट सुधारले. त्या काळी थकलेल्या हृदयाला बीटा-ब्लॉकर देणं अघोरी मानलं जाई, त्यामुळे फार कुणाचा विश्वास बसला नाही. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी ते सिद्ध केलं, दोन्हींत मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. मधल्या चोवीस वर्षांचा विचार केला की मी अस्वस्थ होते.

यामागचं कारण समजून घेताना मला पहिल्यांदा या आजाराचा स्वभाव कळला. रक्त कमी पोचतंय असं वाटलं की शरीर जीव वाचवायला ॲड्रेनलिन ओततं, मूत्रपिंडाला पाणी आणि मीठ धरून ठेवायला लावतं. रक्तस्राव झालेल्या माणसाला याच गोष्टी तारतात. पण हृदय महिनोन् महिने थकलेलं असेल तेव्हा हीच मदत स्नायूला जाळत राहते. म्हणून एनालाप्रिल लागू पडलं (१९८७ ची कन्सेन्सस चाचणी), म्हणून स्पायरोनोलॅक्टोन लागू पडलं (१९९९ ची रेल्स, मृत्यू ३० टक्क्यांनी कमी). आज कमी पंपिंगच्या पेशंटला जी चार प्रकारची औषधं आम्ही देतो, त्यातलं एकही हृदयाला जोरात चाल म्हणून सांगत नाही.

३. सगळ्यात जुना नेमका उपचार जनुकांच्या युगातला नाही. तांदूळ चकचकीत सडायला लागल्यावर बेरीबेरी आला, हृदय फुगलं, पाय सुजले. आणि थायमिन दिल्यावर, कधीकधी दिवसाभरात, माणूस उठून बसला. जास्त दारू पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्या माणसांत आजही हे बघायला मिळतं. थायरॉइड बिघडल्यानं थकलेलं हृदय, महिनोन् महिने अतिवेगाने धडधडत राहिल्यानं थकलेलं हृदय, ऱ्हुमॅटिक तापाने आवळलेली मायट्रल झडप: या प्रत्येकावर स्वतःचा उपचार आहे, आणि कारण काढून टाकलं तर पंपिंग सुधारू शकतं. आवळलेल्या झडपेत फुगा फुगवून ती मोकळी केली, की काल जिना चढू न शकणारी मुलगी दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालते. नव्या औषधांच्या परिषदांमधून परतताना मी हे स्वतःला आठवून देते.

४. पंपिंग उत्तम असूनही हृदय हरू शकतं, हे पेशंटला पटवणं ओपीडीतलं सर्वांत अवघड काम आहे. साठीच्या बाई असतात, बीपी आणि शुगर बरीच वर्षं, वजन वाढलेलं. इको म्हणतो ६० टक्के. घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, वयामुळे दम लागतो.’ आणि बाईंना बाजारातून भाजी घेऊन येताना तीनदा थांबावं लागतं. त्यांचं हृदय नीट आकुंचन पावतं, पण नीट सैल होत नाही. भिंती ताठ झाल्यानं भरतानाच आतला दाब चढतो आणि तो दाब मागे फुप्फुसांत जातो. बसल्या जागी दिसतही नाही, चालायला लागलं की उसळतो. त्यातून स्थूल माणसांत बीएनपी या रक्तचाचणीचा आकडाही अपेक्षेपेक्षा कमी येतो. म्हणजे इको चांगला, रक्तही फारसं बोलत नाही, आणि माणूस मात्र धापा टाकतोय. अशा बायकांना ‘तुम्ही खरंच आजारी आहात’ हे वाक्य औषधासारखं लागू पडलेलं मी पाहिलंय. त्यांचं ऐकून घेणारं कुणी तोवर भेटलेलं नसतं.

५. या गटात एकामागून एक चाचण्या फसल्या, आणि फसण्याने आम्हाला यशापेक्षा जास्त शिकवलं. कमी पंपिंगमध्ये जे चाललं ते इथेही चालेल असं धरून इर्बेसार्टन दिलं, २००८ मध्ये उत्तर आलं: फरक नाही. सिल्डेनाफिल दिलं, २०१३ मध्ये तेच उत्तर. स्पायरोनोलॅक्टोनच्या टॉपकॅट चाचणीची गोष्ट मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते. २०१४ मध्ये एकूण निकाल निष्फळ ठरला. पण देशवार पाहिलं तर अमेरिका खंडातल्या पेशंटना फायदा दिसत होता, रशिया आणि जॉर्जियातल्यांना नाही. त्या दोन देशांतल्या पेशंटमध्ये मृत्यू आणि भरती होण्याचं प्रमाणच इतकं कमी होतं, की त्यातल्या अनेकांना हा आजार होता का, असा प्रश्न उभा राहिला. पुढे २०१७ मध्ये साठवून ठेवलेलं रक्त तपासलं गेलं. औषध घेतोय असं सांगणाऱ्या रशियातल्या पेशंटपैकी ३० टक्क्यांच्या रक्तात औषधाचा मागमूस नव्हता. अमेरिका-कॅनडात हे प्रमाण ३ टक्के होतं.

माझ्या हाती यातून दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे, मोठ्या चाचणीचा निकाल वाचताना आत कोण माणसं होती हे आधी पाहायचं. दुसरी जास्त महत्त्वाची. ५० टक्क्यांच्या वरच्या या एका नावाखाली आम्ही ताठ झालेली म्हातारी हृदयं, चरबीच्या दाबाखालची हृदयं, भिंतीत भलतंच प्रथिन साठलेली हृदयं, मूत्रपिंडाने बुडवलेली हृदयं, सगळी एकाच टोपलीत कोंबली होती. मग एखादं औषध दहातल्या दोघांना लागू पडलं तरी उरलेल्या आठांच्या गर्दीत ते हरवणारच.

६. गर्दी वेगळी करायला निघालं की पहिल्यांदा आपलीच माणसं दिसेनाशी होतात. २०१५ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संजीव शहा यांच्या गटानं ३९७ पेशंटची मापं, रक्तचाचण्या, इकोचे आकडे संगणकाला दिले आणि त्यालाच गट पाडायला सांगितलं. तीन गट पडले. पहिला तुलनेनं तरुण, सौम्य. दुसरा स्थूल आणि मधुमेही, ज्यांचं हृदय सैल होण्यात सर्वांत मागे. तिसरा वयस्कर, मूत्रपिंड थकलेलं, उजव्या बाजूवर ताण, आणि शेवट सर्वांत वाईट. तिन्ही चेहरे मला ओपीडीतून ओळखीचे वाटले. त्याआधी २०१३ मध्ये वॉल्टर पॉलस आणि कार्स्टन च्योपे यांनी मांडलं होतं, की वजन, शुगर, बीपी यांमुळे अंगभर मंद दाह धुमसत राहतो, हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, आणि त्यातून स्नायू ताठ होतो. म्हणजे आजाराचं मूळ हृदयाबाहेर. यावर नेम धरून २०२३ मध्ये सेमाग्लुटाइड वापरून पाहिलं गेलं: स्थूल पेशंटचं वजन वर्षभरात सरासरी १३ टक्क्यांनी उतरलं, चालणं वाढलं, दम कमी झाला. २०२४ मध्ये टर्झेपाटाइडनं याच गटात हृदयमृत्यू किंवा आजार बळावणं ३८ टक्क्यांनी कमी केलं.

हे वाचून मला आनंद झाला, आणि लगेच माझ्या बाकावर बसलेली माणसं आठवली. त्या चाचण्यांत प्रवेशाची अट बीएमआय ३० किंवा जास्त अशी होती. आपल्याकडे हात-पाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे आणि शुगर पंधरा वर्षांची, असे किती जण! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेला फोटो मराठी डॉक्टरांना पाठ असतो. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वजनकाटा जे लपवतो ते त्या एका फोटोत उघडं पडलं. सिंगापूरहून कॅरोलिन लॅम यांच्या पुढाकारानं आशियातल्या अकरा प्रदेशांत हार्ट फेल्युअरच्या पेशंटची नोंद झाली, त्यात जे पाच गट सापडले त्यातला एक होता ‘सडपातळ मधुमेही’. पाश्चात्त्य पुस्तकांत या माणसाला जागाच नव्हती. म्हणून मी आता वजनाआधी कमरेला टेप लावते. आजी संकोचतात, पण लावू देतात.

वयाचंही तसंच आहे. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदणीत २०१३ साली भरती झालेल्या १,२०५ पेशंटचं सरासरी वय ६१ होतं, आणि ७२ टक्क्यांना कारण होतं हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. युरोप-अमेरिकेत हे वय सत्तरीच्या पुढे जातं. म्हणजे आपल्याकडचा पेशंट अजून शेतात किंवा रिक्षावर असतो, मुलीचं लग्न व्हायचं असतं. गाईडलाइन हातात असते, पण ती लिहिताना हा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

७. गट पाडण्याच्या या सगळ्या खटाटोपात एक औषध असं आलं, की त्यानं गट विचारलाच नाही. शुगरची गोळी म्हणून आलेलं एम्पाग्लिफ्लोझिन. २०१५ मध्ये मधुमेहींवरच्या चाचणीत, हार्ट फेल्युअरमुळे भरती होणं ३५ टक्क्यांनी घटलं. शोधायला गेले होते सुरक्षितता, हाती लागलं हे. मग २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिननं कमी पंपिंगमध्ये, मधुमेह नसलेल्यांनाही, फायदा दाखवला. २०२१ आणि २०२२ मध्ये चांगल्या पंपिंगच्या गटातही या दोन औषधांनी आजार बळावणं कमी केलं. ज्या गटात दोन दशकं काही चालत नव्हतं, तिथे! हे नक्की कुठल्या वाटेनं काम करतं यावर अजून वाद आहेत: मीठ-पाणी बाहेर टाकणं, स्नायूचं इंधन बदलणं, मूत्रपिंडाला आधार, बहुधा सगळंच थोडंथोडं. माझ्या मनात उपप्रकारांचं जे टोलेजंग चित्र तयार होत होतं, त्याला या साध्या गोळीनं नम्र केलं. आणि एक सांगितलंच पाहिजे: मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं, डझनावारी कंपन्या उतरल्या आणि किंमत कोसळली. डापाग्लिफ्लोझिन त्याआधीच स्वस्त झालं होतं. ‘डॉक्टर, महिन्याचं किती पडेल?’ हा प्रश्न ज्या ओपीडीत रोज विचारला जातो, तिथे या बातमीचं मोल एखाद्या नव्या शोधाइतकंच आहे.

८. हृदयाचं निदान कधीकधी मनगटावर लिहिलेलं असतं. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक, धाप आणि पायांवर सूज. इकोत भिंती जाड. बीपीमुळे असेल, असं कुणीही म्हणेल. पण ईसीजीत उंचच उंच लाटा दिसायला हव्या होत्या, तिथे बारक्या होत्या. आणि ते कौतुकानं सांगत होते, की वीस वर्षांचं बीपी अलीकडे आपोआप बरं झालं, गोळी बंद केली. मी त्यांचे हात उलटे करून पाहिले. दोन्ही मनगटांवर शस्त्रक्रियेची जुनी बारीक खूण. बोटांना मुंग्या येत म्हणून केलेली, हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

यकृतात ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बनतं, थायरॉइडचं संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व वाहून नेणं हे त्याचं काम. चार तुकड्यांचा हा रेणू काही जणांत, वयामुळे किंवा जनुकातल्या दोषामुळे, सुटा होतो, त्याची वेडीवाकडी घडी पडते आणि तो धाग्यांसारखा साठत जातो: आधी मनगटातल्या बोगद्यात, पाठीच्या कण्याच्या कालव्यात, मग हृदयाच्या भिंतीत. भिंत जाड दिसते पण तो स्नायू नसतो, म्हणून वीज कमी. हा अमायलॉइड. हाडांच्या स्कॅनचं टेक्नेशियमयुक्त औषध या हृदयात उजळून दिसतं, आणि २०१६ पासून बऱ्याच पेशंटमध्ये हृदयाचा तुकडा न काढता निदान करता येऊ लागलं. मात्र त्याआधी रक्त आणि लघवीत लाइट चेन तपासायच्याच. कारण अमायलॉइडचा दुसरा प्रकार रक्तपेशींच्या आजारातून येतो, त्याला केमोथेरपी लागते आणि तिथे आठवड्यांचा उशीरही महाग पडतो. या दोन प्रकारांत स्कॅन फसवू शकतो.

टॅफामिडिस हे औषध त्या चार तुकड्यांना एकत्र धरून ठेवतं. २०१८ च्या चाचणीत तीस महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांत मृत्यू २९.५ टक्के होते, न घेणाऱ्यांत ४२.९. पुढे एकोरामिडिस आलं, आणि यकृतातल्या उत्पादनालाच लगाम घालणारं, तीन महिन्यांतून एकदा टोचायचं वुट्रिसिरान. हार्ट फेल्युअरमध्ये नेमका उपचार म्हणजे काय याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही. पण साठलेलं काढून टाकायचं काम ही औषधं करत नाहीत, नवं साठणं रोखतात. त्यामुळे फायदा लवकर ओळखलेल्याला. आणि किंमत? अमेरिकेत टॅफामिडिस बाजारात आलं तेव्हा वर्षाला सव्वादोन लाख डॉलर होती. नाव कळलं, वाट कळली आणि त्या वाटेवर चालता येत नाही, हे पेशंटसमोर बोलताना माझा आवाज खाली जातो. तरीही निदानाचं मोल उरतं. अशा हृदयाला बीटा-ब्लॉकर आणि बीपीच्या गोळ्या बऱ्याचदा सोसत नाहीत, त्या कमी केल्या की चक्कर थांबते, माणूस घरात मोकळा फिरतो.

९. ‘घरात कुणाला हृदयाचा त्रास?’ या प्रश्नाला मिळणारं ‘नाही’ अपुरं असतं. थोडं थांबलं की आठवणी वर येतात. काका अडतिसाव्या वर्षी झोपेतच गेले. आत्या बाळंतपणानंतर वारली, ‘अशक्तपणा होता’. दोघांच्या दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो, मी कागदावर तीन पिढ्यांचं झाड काढते. हृदय पसरट होण्याच्या कौटुंबिक आजारात साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशंटमध्ये टायटिन या स्नायूच्या महाकाय प्रथिनाचं जनुक अर्धवट तुटलेलं असतं, हे २०१२ मध्ये कळलं. लॅमिनच्या जनुकात दोष असेल तर पंपिंग फार घसरायच्या आधीच घातक लय येऊ शकते, त्यामुळे छातीत शॉक देणारं यंत्र बसवण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. इथे केवळ आकड्यावर विसंबलं तर फार उशीर होतो.

भारतीयांचा स्वतःचाही एक वारसा आहे. एमवायबीपीसी-३ या जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतले कुमारसामी तंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोक हा बदल बाळगून असतात आणि त्यांच्यात हृदयस्नायूच्या आजाराचा धोका कित्येक पट असतो. बहुतेकांना उतारवयापर्यंत काहीच होत नाही, म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. शंभरातली चार माणसं! एसटी भरून निघाली तर तीत एक-दोन जण असणार.

बाळंतपणाशी जोडलेल्या हृदयविकाराबद्दल मला जरा जास्तच तळमळ आहे. शेवटच्या महिन्यात किंवा बाळ झाल्यावर पाच महिन्यांत धाप लागते, आडवं झोपवत नाही, पाय सुजतात. घरात सगळ्यांना वाटतं, बाळंतीण आहे, जागरणं आहेत, होणारच. २०१६ मध्ये १७२ अशा स्त्रियांची जनुकं तपासली, तेव्हा १५ टक्क्यांत तुटके दोष सापडले, त्यातले बरेचसे टायटिनचेच. म्हणजे हृदय आधीच काठावर होतं, बाळंतपणानं ते उघडं पडलं. दुसरी वाट २००७ मध्ये हॅनोव्हरच्या डेनिस हिल्फिकर-क्लाइनर यांच्या संशोधनातून दिसली: दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनचा एक तुटका अंश हृदयाच्या बारीक वाहिन्यांना इजा करतो. म्हणून काही जणींना प्रोलॅक्टिन थांबवणारं ब्रोमोक्रिप्टिन देतात. त्यानं दूधही थांबतं. पंधरा दिवसांच्या बाळाला छातीशी घेऊन बसलेल्या आईशी, तिच्या सासूसमोर, हे बोलायचं असतं. शास्त्र एका वाक्यात सांगून होतं. मग आईला काय वाटतं ते ऐकायचं, पाण्याचा ग्लास पुढे करायचा, आणि वरच्या दुधाबद्दल बालरोगतज्ज्ञांना त्याच खोलीत बोलवायचं.

१०. लोहाची कमतरता हा मला सर्वांत दुर्लक्षित उपप्रकार वाटतो. हिमोग्लोबिन बरं असतानाही हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये लोह कमी असू शकतं, आणि हृदयाचे व पायांचे स्नायू उपाशी राहतात. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, एवढं पाहिलं तरी समजतं. गोळ्यांनी काम होत नाही, २०१७ च्या चाचणीत ते स्पष्ट झालं. शिरेतून दिलेल्या लोहाने चालणं आणि उमेद सुधारते, हे २००९ पासून ठाऊक आहे. आपल्या बायकांना आयुष्यभर लोह कमीच असतं, म्हणून मी ही चाचणी पहिल्याच भेटीत लिहून देते.

११. ‘आता पंपिंग पंचावन्न झालं, गोळ्या बंद करू का?’ या प्रश्नाची मी वाट बघत असते, कारण तो चांगल्या दिवशी येतो. लंडनमध्ये अशाच बरं झालेल्या ५१ जणांना घेऊन ट्रेड-एचएफ ही चाचणी झाली. तक्रार नाही, पंपिंग पूर्ववत, हृदयाचा आकार नॉर्मल. निम्म्यांची औषधं टप्प्याटप्प्यानं थांबवली. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्क्यांचा आजार परतला. औषधं चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. म्हणजे सुधारलेला आकडा बहुतेकदा औषधांनी धरून ठेवलेला असतो. पण दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर निम्म्याहून जास्त जण त्या सहा महिन्यांत टिकले. ते कोण होते? ज्यांचं कारण खरोखर निघून गेलं ते? अतिवेगाच्या धडधडीनं थकलेलं हृदय लय सुधारल्यावर, दारूनं थकलेलं हृदय दारू सुटल्यावर वेगळं वागेल का? टायटिनचा दोष असलेल्याचं काय? ही वाटणी नीट झाली तर एखाद्या तिशीतल्या आईला पुढची चाळीस वर्षं चार गोळ्या घ्यायच्या की नाहीत, हे आम्हाला ठामपणे सांगता येईल.

तोवर मी विचारणाऱ्याला हीच चाचणी सांगते, आकड्यांसकट. गोळ्या चालू ठेवायच्या, सहा महिन्यांनी इको आणि रक्त तपासायचं, आणि दुसऱ्या बाळाचा विचार मनात असेल तर दिवस राहायच्या आधी येऊन भेटायचं, कारण त्यातल्या काही गोळ्या गर्भाला चालत नाहीत आणि बदलायला वेळ लागतो.